एक वाक्य तरी

दिवे लागले आणि फिल्म सोसायटीच्या प्रथेप्रमाणे माइक रांगेतून फिरू लागला. प्रत्येकाने एक वाक्य तरी बोलायचेच. मी मधल्या खुर्चीत अडकलो होतो. चार महिन्यांनी मला खोलीबाहेर काढणारी ताई शेजारी होती.

चित्रपटात सूर्य दररोज थोडा विझत गेला. सारे सैरभैर झाले. उदासीने महिनोन्महिने अंथरूण न सोडलेली नायिका मात्र उठून शांतपणे केस विंचरू लागली.

“सूर्य विझेपर्यंत आमची ही दोनदा झोपली,” पुढचे काका म्हणाले. लोक हसले.

माइक माझ्याकडे आला. पडद्यावर जग संपताना मला सुटल्यासारखे वाटले, हे ओठांवर होते. पण ताईसमोर ते उच्चारण्याचे धैर्य नव्हते. “छायाचित्रण उत्तम होतं,” मी म्हणालो.

ताईने माइक घेतला. “ती उठली, तेव्हा मला तिचा हेवा वाटला. आता तिला कुणासाठीच हसावं लागणार नव्हतं.”

हीच ताई मला रोज सकाळी हसतमुखाने उठवत असे.

“पुढे द्या,” कुणीतरी म्हणाले. ताईची बोटे माइकवरून सुटेनात.

“कधीपासून, ताई?” मी विचारले. माइक चालूच होता. साऱ्या सभागृहाने ऐकले.