फुंकर

मारेगावात फवारणीचे पंप दुरुस्त करणारे तिघं आहेत, पण रोशनी लेकराला कडेवर अन् तुंबलेला पंप हातात घेऊन आली ती नेमकी दिवाकरच्याच दुकानात. तीन वर्षांपूर्वी याच दिवाकरच्या आईनं तिला वांझोटी म्हणून घराबाहेर काढलं, तेव्हा तिचा हा नवरा मान खाली घालून पंप जोडत बसला होता.

त्याच दिवशी ती यवतमाळहून दोघांच्या तपासणीचे कागद घेऊन आली होती. "दोष तुमच्यात नाही," डॉक्टर म्हणाले होते. "पंपाचं तुंबलेलं नोझल तुमचे यजमान तोंडानं फुंकतात ना? ते विष पोटात जाऊन हार्मोनचं सोंग घेतं अन् शरीराला फसवतं. तोंड लावणं सोडलं, तर वर्षभरात फरक पडेल." हे घरी सांगायच्या आतच तिची पिशवी अंगणात येऊन पडली होती.

"तुयंच हाये लेकरू?" दिवाकरनं विचारलं.

"माहंच."

आतून म्हातारी ओरडली, "चाय मांड, वांझोटे!"

थोड्या वेळानं दिवाकरची नवी बायको चहा घेऊन आली. गळ्यात चार ताईत, कपाळावर अंगारा. तिच्याकडे पाहून डॉक्टरांचं बोलणं रोशनीच्या अगदी ओठांवर आलं.

दिवाकरनं नोझल तोंडात धरून जोरात फुंकलं अन् बाजूला थुंकला. "झालं साफ."

रोशनीनं चहाचा घोट घेतला.

"अजून कचरा हाये त्यात," ती म्हणाली. "आनखी एक डाव फुका न."