डोळे मिटा

"श्वास आत. हात वर. आता डोळे मिटा," बाई म्हणाल्या, आणि बाकांच्या मधे उभा असलेला सगळा वर्ग हात उंच करून गप्प झाला.

वर्ग मोठ्यांचा होता. कामासाठी या शहरात आलेली माणसं दुपारी इथली भाषा शिकायला यायची. ड्रायव्हर होते, नर्स होती, कपड्यांच्या कारखान्यातली शिलाईवाली ताई होती, आणि सगळे ज्यांना मामा म्हणत ते एक वयस्कर गवंडी. जीभ सुटायची तर आधी खांदे सुटले पाहिजेत, असं बाईंचं ठाम मत. म्हणून तासाच्या सुरुवातीला थोडा योग, आणि सूचना अर्थातच इथल्या भाषेत. पहिल्या दिवशी जो तो हसला होता, पण गुण येत होता. इतके दिवस चकार शब्द न काढणारे मामा गेल्या आठवड्यात चक्क एक अख्खं वाक्य बोलले होते. उद्या तोंडी परीक्षा. मामा ती पास झाले तर साइटवर मुकादमाची जागा त्यांना मिळणार होती.

शेजारच्या वर्गातले कॉम्प्युटरचे सर मार्कर मागायला दारात आले. सगळ्यांचे डोळे मिटलेले पाहून त्यांनी बाईंना खूण केली: होऊन जाऊ दे की तुमच्या मामांची नक्कल! बाईंच्या नकला स्टाफरूममध्ये गाजलेल्या होत्या, आणि त्या कौतुकाची बाईंना सवयच लागली होती. त्यांना राहवलं नाही.

त्यांनी हनुवटी वर केली, मोठ्ठा आवंढा गिळला आणि उजव्या हाताचा पंजा हवेत ओढला. मामा गेल्या आठवड्यात बोलले होते तसेच. एकेक शब्द भिंतीवर गिलावा थापावा तसा थापायचा, मग तळव्याने सारखा करायचा. बाईंनी आवाज न काढता तोंड वेडंवाकडं करत एक शब्द थापला, मग आणखी एक. सर तोंडावर हात दाबून मार्कर न घेताच पळाले.

हसू आवरत बाई वर्गाकडे वळल्या. मामांचे डोळे उघडे होते.

हात तसेच वर, आणि नजर बाईंच्या पंज्यावर. नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मामा! डोळे मिटायला सांगितलं होतं ना?" बाई ओरडल्याच.

सगळ्यांनी दचकून डोळे उघडले. शिलाईवाली ताई हसत म्हणाली, "अहो बाई, ते कधीच मिटत नाहीत. मिटले तर हात खाली कधी घ्यायचे ते कसं कळणार त्यांना? आमचं बघूनच करतात सगळं."

"माफ करा, बाई," मामा म्हणाले. हे पहिल्याच धड्यातलं होतं, तेवढं त्यांना येत होतं.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी त्यांनी मागायची होती. पण मागायची तर काय केलं ते सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हती. त्यांनी कोरा फळा पुसला. मग पुन्हा पुसला.

"बसा सगळे. उद्याची तयारी करू," त्या म्हणाल्या. आवाज नको इतका गोड झाला होता. "मामा, तुम्ही सुरुवात करा. गेल्या आठवड्यात किती छान बोललात! तेच म्हणा."

मामा पुन्हा उभे राहिले. हनुवटी वर जायला लागली, ती त्यांनी खाली घेतली. उजवा हात बाकावरून आपोआप उचलला गेला. तो त्यांनी डाव्या हाताने मनगटाशी पकडला आणि पोटाशी दाबून धरला.

"मी..." ते म्हणाले.

पुढचं येईना. बाकीचे मान हलवून त्यांना धीर देत होते.

"हात सोडा ना, मामा," बाई कशाबशा म्हणाल्या.

मामांनी मान डोलावली, आणि हात आणखी घट्ट धरला.