रिगोबेर्तोचं पान

"आधी ओढा, मास्तर," यादिरा म्हणाली. "सोबत काय द्यायचं ते मग सांगा."

एलिसेओ मास्तरांनी काळपट, जाड सिगार बोटांत फिरवला. त्यावर पट्टी नव्हती. एस्तेली गावच्या या सिगार कारखान्यात चवीच्या परीक्षेचा सिगार असाच बिननावाचा मास्तरांकडे येई; त्यांचा शब्द शेवटचा. टेबलावर रम, काळी कॉफी आणि गुळाचे खडे होते.

"आज मालक पण?" मास्तर हसले. "रम फुकट आहे वाटतं."

"गप ओढ," मालक ओर्लांदो म्हणाले. त्यांना यादिरानेच मुद्दाम बोलावलं होतं.

बारा वर्षांपूर्वी याच टेबलावर मास्तरांनी तिच्या बापाचं, रिगोबेर्तोचं, तंबाखूचं पान नासकं ठरवलं होतं. मग ते कुणीच घेतलं नाही. रिगोबेर्तोने कोठार पेटवून दिलं आणि त्याच पावसाळ्यात तो गेला. गावात अजून त्याला 'नासका' म्हणत. आगीतून वाचलेली एक जुडी यादिराने जपली होती. मास्तरांच्या हातातला सिगार त्याच जुडीचा होता.

तिनेही त्याच जुडीतला आपला पेटवला. मास्तर सावकाश ओढत होते, तिच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता. बघू दे, तिला वाटलं. नाकातून धूर सोडताना तिचे डोळे आपोआप मिटले. तिने रमचा पेला बाजूला सारला आणि कॉफीचा घोट घेतला.

"मनुका," मास्तर म्हणाले. "मग कोको. शेवटी मिरी. रम नको, सगळं बुजवून टाकील. याच्याबरोबर कॉफीच."

"नासकं नाही ना?"

"वेडी का तू? असं पान वर्षानुवर्षं मिळत नाही. कुणाचं?"

"माझ्या बापाचं. तुम्ही नासकं ठरवलंत ना, तेच. मालक, ऐकलंत?"

ओर्लांदो पुढे झुकले. "एलिसेओ, खोटं कधी बोललास? तेव्हा की आत्ता?"

मास्तरांनी सिगार खाली ठेवला.

"मला दोन्ही वेळा काहीच कळलं नाही, मालक. हिच्या बापाचं पान परीक्षेला यायच्या आधीच तापात माझं नाक गेलं, वास-चव कळेनाशी झाली. तेव्हापासून शेजारच्याचं तोंड बघून सांगतो."

यादिरा उठून उभी राहिली. "म्हणजे कुणाचं तोंड बघून माझ्या बापाला मारलंत?"

"त्या दिवशी परीक्षेला तू पहिल्यांदाच बसली होतीस, पोरी, माझ्या शेजारी. उपाशीपोटी आली होतीस. पहिल्याच झुरक्याला तू तोंड वाकडं केलंस."