क्षितिज दिसेपर्यंत

"आबा, कॉन्ट्रास्ट आणखी किती वाढवणार? खडकांचे नुसते काळे डाग झालेत," लॅपटॉपमध्ये डोकावत हेमांगी म्हणाली.

आबा हसले. चाळीस वर्षं समुद्र टिपणाऱ्याला आता लेक शिकवणार! त्यांना तर फोटो अजूनही पाणी घातलेल्या दुधासारखा फिकाच दिसत होता. दोष लेन्सचा असणार, म्हणून वर्षभरात त्यांनी दोन लेन्स बदलल्या होत्या. स्पर्धेतून फोटो परत आला की परीक्षकांच्या नावाने खडे फोडत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गुहागरच्या किनाऱ्यावर गेले. आबांनी ट्रायपॉड वाळूत रोवला, ओढून ठेवलेली होडी फ्रेमच्या डाव्या अंगाला घेतली आणि हात बांधून उभे राहिले. अर्धा तास गेला.

"आबा, कशासाठी थांबलोय आपण?"

"धुकं विरू दे गं. क्षितिजाची रेघ दिसल्याशिवाय फ्रेम कशी बसवू?"

हेमांगीने समुद्राकडे पाहिलं, मग आबांकडे. तिने हळूच त्यांचा दंड धरला.

"आबा, धुकं नाहीये. लख्ख ऊन पडलंय."

आबांनी खिशातून मऊ फडकं काढलं आणि पुन्हा एकदा लेन्स पुसायला घेतली.