खिशातला चेंडू

बायको वारल्यापासून तिचा लाडका कुत्रा गबरू त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. ताटलीतलं मुकाट खायचा आणि दाराकडे तोंड करून पडून राहायचा. घरात जीव दोन, तरी घर खायला उठायचं. शेवटी त्याने गबरूला ढिगाऱ्याखाली अडकलेली माणसं शोधायच्या शिकवणीला घातलं. आज लपायची पाळी त्याचीच होती. "काका, सापडलात की तो भुंकेल. लगेच चेंडू द्यायचा, तेच त्याचं बक्षीस," शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं. विटांमागच्या पिंपात तो अंग चोरून बसला. 'हा कसला येतोय मला शोधायला!' इतक्यात पिंपाच्या तोंडाशी ओलं नाक आलं आणि गबरू थेट त्याच्या डोळ्यांत बघत बेंबीच्या देठापासून भुंकू लागला. बाई लांबून ओरडल्या, "काका, चेंडू द्या ना! मिळाल्याशिवाय थांबायचा नाही तो!" त्याने खिशातल्या खिशात चेंडू मुठीत आणखी घट्ट धरला.