खिडकीसमोरचा डोंगर

"केबिनच्या खिडकीतनं आमच्या आजोबांनी सोत्ता बघितलं, सांधेवाला भिवाजी रुळाशेजारी घोरतोय." मधुकरकाका ही गोष्ट गावातल्या प्रत्येक पूजेला हसत सांगतात. त्या एका साक्षीवर भिवाजीची, म्हणजे माझ्या पणजोबांची नोकरी गेली. मला अजून ‘झोपाळूची पणती’ म्हणतात.

यंदा शाळेच्या प्रदर्शनात मी कर्जतचा जुना रेल्वेघाट मांडला. केबिन, गाडीचा रूळ बदलायचा सांधा, मधला डोंगर, सगळं भिवाजीची नोकरी गेली त्या वर्षीच्या नकाशाबरहुकूम. प्रमुख पाहुणे म्हणून मधुकरकाकांचं नावही मीच बाईंना सुचवलं. ते रेल्वेच्या मोजणी खात्यातून रिटायर झालेत ना.

काकांनी चष्मा लावून, पट्टी टाकून सगळा घाट तपासला. मग माईकवर म्हणाले, "पोरीनं एका इंचाची चूक केली नाय. पयला नंबर."

"काका, आता तुमच्या आजोबांच्या खिडकीतून बघा ना. भिवाजीचा सांधा दिसतो का?"

ते कौतुकाने वाकले, एक डोळा मिटला.

"नाय गं. मधी डोंगर येतोय."

आणि मग काका वाकलेले, ते उठेचनात. मी माईक त्यांच्या तोंडाशी नेला.

"एका इंचाची चूक नाय ना, काका?"