फेकलेली कुऱ्हाड

"दादा, फेकलेली कुऱ्हाड परत कोणी आणायची?"

मैत्रिणींनी "हिंमत असेल तर विचार" म्हणून डिवचलं, म्हणून विचारलं. नाहीतर खेळ चालवणाऱ्या दादापुढे तोंड उघडायची कोणाची टाप! आमच्या फासे टाकून लढायच्या खेळात प्रत्येकाचं एक पात्र; बाकीच्यांचे योद्धे राक्षसावर कुऱ्हाडी फेकायचे आणि माझी वीरांगना त्या गोळा करत फिरायची. लढाई संपली तरी तिचा एक वार व्हायचा नाही.

दादाने नियमांचं जाडजूड पुस्तक चाळलं. "ज्याने फेकली त्यानेच. त्याची एक चाल वाया गेली तरी."

मी उड्या मारतच घरी आले. बाबांनी ऑफिसातून आल्याआल्या मोजे भिरकावले होते, एक टीव्हीखाली, एक पार दारात. आई वाकलीच होती.

"आई, हात लावू नकोस! आजपासून या घरात पुस्तकातला नियम चालणार. बाबा, तुमची चाल."